पडद्यावरचा तोतया

पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले. पुढे काही वर्षांनी ‘मीच भाऊ’ असे सांगत सुखनिधान नावाचा एक इसम उभा राहिला. त्याच्यापाशी ना भाऊंचे कर्तृत्व होते, ना भाऊंचा अधिकार. होते ते चेहऱ्यामोहऱ्यातील थोडे साम्य आणि लोकांच्या मनातील एक दुखरी जागा. तेवढ्या भांडवलावर कोकणात त्याच्यामागे माणसे गोळा झाली आणि पुण्याच्या दरबाराची झोप उडाली. अखेर १७७६ साली त्याला देहदंड देण्यात आला. ‘तोतया’ हा शब्द मात्र मराठी माणसाच्या जिभेवर कायमचा राहिला.

तोतया स्वतःच्या बळावर कधीच मोठा होत नाही. समोरच्याच्या मनात त्याला आयती जागा मिळते म्हणून तो मोठा होतो. भाऊंच्या तोतयाला ती जागा लोकांच्या आशेने दिली. आज घराघरांतील संगणकाच्या पडद्यावर जो नवा तोतया उभा राहू लागला आहे, त्याला ती जागा भय आणि लज्जा या दोन भावना देत आहेत.

एखाद्या सुखवस्तू घरातील दुपार डोळ्यांसमोर आणावी. वडील कचेरीत, आई स्वयंपाकघरात आणि दहावीतला मुलगा संगणकापाशी. अभ्यासाचे काही शोधता शोधता तो कुठल्यातरी भलत्या पानावर गेला असेल, किंवा एखादा खेळ फुकट मिळतो म्हणून त्याने तो उतरवून घेतला असेल. एकाएकी सारा पडदा व्यापून एक फलक उभा राहतो. वर राजमुद्रा, खाली एखाद्या मंत्रालयाचे किंवा पोलीस दलाचे नाव, त्याखाली कायद्याची कलमे. ‘आपण निषिद्ध मजकूर पाहिल्याचे आढळले आहे. आपला संगणक बंद करण्यात आला आहे. अमुक इतका दंड तत्काळ भरा, अन्यथा अटक होईल.’ कोपऱ्यात उलटे धावणारे घड्याळ असते. माऊस हलत नाही, कळफलक दाद देत नाही. मुलाचा चेहरा पांढरा पडतो. तो आईला हाक मारत नाही. वडिलांच्या पाकिटातील कार्ड कुठे असते, ते त्याला ठाऊक असते.

या प्रसंगात कुलूप नेमके कशाला लागले? वरवर पाहता संगणकाच्या पडद्याला. खरे पाहता ते त्या मुलाच्या तोंडाला लागले आहे. पडद्याचे कुलूप अर्ध्या तासात निघू शकते. तोंडाचे निघाले नाही, तर घर लुटले जाते. या विषयाचे सारे मर्म एवढ्यातच आहे.

जुना धंदा, नवे वेष

संगणक अडवून खंडणी मागण्याचा प्रकार आजचा नाही. १९८९ च्या डिसेंबरात एड्सविषयी माहिती देण्याच्या मिषाने सुमारे २० हजार फ्लॉपी टपालाने जगभर पाठविण्यात आल्या. ती फ्लॉपी वापरणाऱ्याचा संगणक साधारण ९० वेळा सुरू झाला, की फायलींची नावे उलटसुलट होत आणि पडद्यावर मागणी येई : १८९ डॉलर पनामातील एका टपालपेटीच्या पत्त्यावर पाठवावेत. धंद्याची सारी सूत्रे त्यातच होती. अडवणूक, घाबरवणूक आणि वसुलीचा दूरचा पत्ता.

पडद्याला कुलूप घालणारी टोळी पुढे रशियात फोफावली. तेथे संगणक अडवून पडद्यावर अश्लील चित्र आणले जाई आणि ते घालविण्यासाठी महागड्या दराचा लघुसंदेश पाठवावा लागे. २०१० मध्ये मॉस्कोत या प्रकरणी दहा जणांना अटक झाली. चोरांनी एक गोष्ट तेव्हाच हेरली होती, की नुकसानापेक्षा लाज अधिक लवकर पैसा देते.

या विद्येला पोलिसाचा गणवेश चढविला तो ‘रेव्हेटन’ नावाच्या प्रोग्रॅमने. २०१२ च्या सुमारास युरोप आणि अमेरिकेत त्याने हाहाकार माजविला. संगणक कोणत्या देशात आहे, हे तो इंटरनेटच्या पत्त्यावरून ओळखी आणि तसा वेष बदली. लंडनमध्ये मेट्रोपॉलिटन पोलीस, जर्मनीत तेथील संघराज्य पोलीस, अमेरिकेत एफबीआय. काही प्रकारांत तर संगणकाचा कॅमेरा चालू करून पाहणाऱ्याचाच चेहरा पडद्यावर दाखविला जाई. दंडाची रक्कम मुद्दामच बेताची, शंभर-दोनशे डॉलर किंवा युरोंच्या घरात असे. घरात कोणाला न सांगता गुपचूप भरता यावी, असा तो हिशेब होता. ऑगस्ट २०१२ मध्ये खुद्द एफबीआयला आपल्याच नावाने चाललेल्या या लुटीविरुद्ध जाहीर इशारा द्यावा लागला. फेब्रुवारी २०१३ मध्ये स्पेनच्या पोलिसांनी युरोपोलच्या साहाय्याने या टोळीची एक शाखा उखडून ११ जणांना पकडल्याचे जाहीर केले. तिचा सूत्रधार मानला गेलेला रशियन तरुण आधीच दुबईत सापडला होता. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१९ मध्ये याच प्रोग्रॅमच्या प्रसारात गुंतलेल्या एका विद्यार्थ्याला सहा वर्षांहून अधिक कारावास झाला. त्याची पद्धत सांगण्याजोगी आहे. अश्लील संकेतस्थळांवरील जाहिरातींच्या जागा विकत घेऊन तो सापळा लावी. तेथे येणारा माणूस फसल्यावर पोलिसांकडे जाणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते.

आणि हे सारे परकीयांचेच पाप आहे, अशा भ्रमात राहण्याचे कारण नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून तेथील नागरिकांना अटकेची भीती घालणारी सुशिक्षित मराठी-अमराठी मुले शेकड्यांनी सापडली. २०२१ साली दिल्ली पोलिसांनी तमिळनाडूतून काही जणांना अटक केली. अश्लील मजकूर पाहिल्याबद्दल पोलिसांची बनावट दंडनोटीस पडद्यावर झळकावून ते आपल्याच देशबांधवांकडून पैसे उकळत होते. परक्याला फसविण्याची विद्या घरच्यांवर उलटायला वेळ लागत नाही, याचे हे प्रत्यंतर होय.

रोग ओळखावा कसा?

पडदा अडला की सारेच एका मापाने मोजले जाते, आणि तेथेच चूक होते. प्रकार तीन आहेत. तिन्हींची लक्षणे निराळी आणि उपायही निराळे.

पहिला प्रकार निव्वळ बुजगावण्याचा. येथे संगणकात काहीच शिरलेले नसते. क्रोम, एज किंवा फायरफॉक्स अशा ब्राउझरमधील एक पान संपूर्ण पडदा व्यापून बसलेले असते, एवढेच. त्यावर पोलिसाचा शिक्का असेल किंवा ‘संगणकात विषाणू शिरला आहे, या क्रमांकावर फोन करा’ अशी मायक्रोसॉफ्टच्या नावाची आरोळी असेल. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात दूरध्वनी क्रमांक कधीच नसतो, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मे भामटे उघडे पडतात. आज घरोघरी दिसणारी बहुतेक कुलपे या जातीची आहेत.

दुसरा प्रकार खऱ्या कुलपाचा. येथे एक प्रोग्रॅम संगणकात शिरून विंडोज सुरू होताना आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत बसतो. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला तरी तोच फलक उभा राहतो. टास्क मॅनेजर उघडत नाही, कारण तो आधीच निकामी केलेला असतो. तरीही येथे एक दिलासा आहे. हा चोर दार अडवून उभा असतो. घरातील कपाटे त्याने फोडलेली नसतात. छायाचित्रे, पत्रे, हिशेब सारे जागच्या जागी असते.

तिसरा प्रकार मात्र भयंकर. येथे पडदा बहुधा मोकळा असतो, पण फायली उघडत नाहीत. त्यांच्या नावांना अनोळखी शेपट्या जोडलेल्या असतात आणि प्रत्येक फोल्डरमध्ये खंडणीची चिठ्ठी पडलेली असते. सप्टेंबर २०१३ मध्ये अवतरलेला ‘क्रिप्टोलॉकर’ आणि मे २०१७ मध्ये काही दिवसांत दीडशेच्या आसपास देशांत पसरलेला ‘वॉनाक्राय’ याच कुळातले. येथे फायली सांकेतिक लिपीत बदललेल्या असतात आणि किल्लीवाचून त्या वाचता येत नाहीत.

तेव्हा परीक्षा सोपी आहे. ब्राउझर बंद होताच फलक गेला तर पहिला प्रकार. पुन्हा सुरू करूनही फलक आला, पण फायली शाबूत आहेत, तर दुसरा. फायलीच बिघडल्या असतील तर तिसरा.

कुलूप काढावे कसे?

कोणत्याही प्रकारात पहिली कृती एकच : पैसे भरू नयेत आणि त्या फलकावर कार्डाचा क्रमांक, मागचे तीन आकडे किंवा ओटीपी टंकू नये. मोबाइलवर फलकाचे छायाचित्र घ्यावे. पुढे तक्रारीला तो पुरावा ठरतो. मग इंटरनेटची तार काढावी किंवा राऊटर बंद करावा. जोडलेले पेन ड्राइव्ह आणि बाहेरची हार्ड डिस्क काढून ठेवावी.

ब्राउझरचे बुजगावणे असेल तर एस्केपची कळ काही सेकंद दाबून धरावी. पूर्ण पडद्याचा वेढा सुटतो. न सुटल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि ब्राउझरचे काम संपवावे. पुन्हा ब्राउझर उघडताना ‘मागील पाने परत आणू का’ असे विचारले जाईल, नकार द्यावा. अनोळखी संकेतस्थळांना सूचना पाठविण्याची जी परवानगी नकळत दिली गेली असेल, ती सेटिंगमध्ये जाऊन काढून टाकावी. खेळ खलास!

खरे कुलूप असेल तर संगणक ‘सेफ मोड’मध्ये सुरू करावा. या अवस्थेत विंडोज केवळ अत्यावश्यक भागांसह जागे होते. आगंतुक प्रोग्रॅमांना सहसा उठता येत नाही. विंडोज ७ मध्ये त्यासाठी संगणक सुरू होताच एफ-८ ही कळ दाबावी लागे. विंडोज १० आणि ११ मध्ये पासवर्ड विचारणाऱ्या पडद्यावर शिफ्ट दाबून धरून ‘रीस्टार्ट’ निवडावे. नंतर ‘ट्रबलशूट’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ अशी वाट चालून पुन्हा ‘रीस्टार्ट’ करावे आणि येणाऱ्या यादीतील चौथा किंवा पाचवा पर्याय घ्यावा. चौथ्यात इंटरनेट नसते, पाचव्यात असते. पासवर्डच्या पडद्यापर्यंतच पोहोचता येत नसेल, तर संगणक सुरू होत असताना कळ दाबून धरून दोन-तीन वेळा बंद केल्यास विंडोज आपण होऊन दुरुस्तीचा फलक दाखविते. अनेक नव्या संगणकांत डिस्क मुळातच कुलूपबंद असते; अशा वेळी ‘बिटलॉकर’ची ४८ अंकी किल्ली मागितली जाते. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपलेली असते. संकटाच्या दिवशी शोधाशोध करण्यापेक्षा ती आजच वहीत उतरवून ठेवलेली बरी.

सेफ मोडमध्ये आल्यावर आपल्या फायली उघडून पाहाव्यात. त्या शाबूत दिसल्या की निम्मी चिंता मिटते. मग विषाणूरोधकाने संपूर्ण तपासणी करावी. विंडोजमध्ये ‘डिफेंडर’ असतोच. त्याची ‘ऑफलाइन’ तपासणी विंडोज पूर्ण जागे होण्यापूर्वीच चालते, म्हणून लपलेले चोरही तिच्या हाती लागतात. पुण्यात उभ्या राहिलेल्या ‘क्विक हील’सारख्या स्वदेशी कंपन्यांची साधनेही उपलब्ध आहेत. कुलूप कालपरवाच लागले असेल आणि ‘सिस्टीम रिस्टोअर’ची सोय आधी चालू असेल, तर संगणक चार दिवस मागच्या स्थितीत नेता येतो, त्यात आपल्या फायलींना धक्का लागत नाही. एवढ्यानेही भागले नाही, तर दुसऱ्या निर्दोष संगणकावर विषाणूरोधक कंपनीची बचाव-डिस्क पेन ड्राइव्हवर तयार करून तिच्यावरून आजारी संगणक सुरू करावा आणि धुऊन काढावा.

येथे एक सावधगिरी अवश्य. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे संगणक नेला, की तो पुष्कळदा सरळ ‘फॉरमॅट मारून’ देतो. संगणक नवा होतो. पण आजीची शेवटची छायाचित्रे गेलेली असतात. जे चोराने नेले नव्हते, ते वैद्याने नेले! दुसऱ्या प्रकारात फायली शाबूत असतात, हे ठाऊक असलेला गृहस्थ त्याला आधी फायली बाहेर काढायला सांगेल. अज्ञानाची किंमत ती हीच.

तिसऱ्या प्रकारात स्वतःच हात घालू नये. डच पोलीस, युरोपोल आणि काही संगणक-सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये ‘नो मोअर रॅन्सम’ हा उपक्रम सुरू केला. काही जातींच्या किल्ल्या तेथे विनामूल्य मिळतात. किल्ली आज नसेल तर उद्या निघू शकते, म्हणून बिघडलेल्या फायली पुसून न टाकता बाजूला ठेवाव्यात.

कुलूप निघाल्यावरही काम संपत नाही. रेव्हेटनच्या काही अवतारांनी पडदा अडवीत असतानाच पासवर्डही चोरले होते. तेव्हा बँक आणि ई-मेल यांचे पासवर्ड दुसऱ्या, निर्दोष यंत्रावरून बदलावेत.

चोराला दार कोण उघडते?

येथे मध्यमवर्गाने स्वतःलाही चार प्रश्न विचारावेत. ज्या घरात दुकानदाराने चुकून दिलेले दहा रुपये परत करण्याचा संस्कार आहे, त्याच घरात चोरीचे विंडोज, चोरीचे ऑफिस आणि ‘क्रॅक’ केलेले खेळ बिनदिक्कत वापरले जातात. कुलूप तोडणाऱ्या अनोळखी माणसाने दिलेला प्रोग्रॅम आपण होऊन घरात घ्यावा आणि मग घरात चोर शिरला म्हणून आक्रोश करावा, यात कोणता विवेक? ज्याला परवाने परवडत नाहीत, त्याच्यासाठी लिनक्स आणि लिब्रेऑफिस यांसारखी मुक्त साधने सन्मानाने उपलब्ध आहेत. फुकट आणि मुक्त यांतला भेद मुलांना कळायलाच हवा.

दुसरे दार जुनेपणाचे. विंडोज १० ची नियमित सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. तरी ‘चालते आहे ना’ म्हणून पुढची सोय न पाहता ते तसेच चालविणारी घरे थोडी नाहीत. वॉनाक्रायने ज्या भगदाडातून प्रवेश केला, ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिली होती. ज्यांनी ती घेतली नाही, ते मुख्यतः बुडाले. तिसरे दार अधिकाराचे. घरातील प्रत्येकजण संगणकाच्या सर्वाधिकाऱ्याच्या खात्यातूनच काम करतो. मुलांना मर्यादित अधिकाराचे वेगळे खाते दिले, तर निम्मे उपद्रव उंबरठ्याबाहेरच राहतात. आणि महत्त्वाच्या फायलींची एक प्रत संगणकापासून वेगळ्या ठेवलेल्या डिस्कवर महिन्यातून एकदा घेतली, तर कोणत्याही खंडणीखोराला हसून निरोप देता येतो.

खरी किल्ली

ही सारी साधने हाती असूनही माणूस पैसे का भरतो? कारण त्याला संगणक सोडवायचा नसतो, अब्रू सोडवायची असते. परदेशात अशा बनावट नोटिशीच्या धसक्याने जीव गेल्याच्याही घटना घडल्या आहेत. आपल्याकडे ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली निवृत्त शिक्षकांपासून डॉक्टरांपर्यंत अनेकांनी आयुष्यभराची पुंजी तोतया पोलिसांच्या हवाली केली. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांना या विषयावर बोलावे लागले, थांबा, विचार करा आणि मग कृती करा, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. पडद्याचे कुलूप आणि डिजिटल अटक ही सख्खी भावंडे आहेत. दोघांचा कणा एकच : ‘कोणाला सांगू नका.’

जो अधिकारी घरच्यांनाही सांगू नका म्हणतो, तो अधिकारी नव्हे. भारतातील कोणत्याही कायद्यात नागरिकाचा संगणक अडवून पडद्यावर दंड वसूल करण्याची तरतूद नाही. हे एक वाक्य प्रत्येक घरात, ज्येष्ठांपासून लहानांपर्यंत, पाठ असले पाहिजे.

पण त्याहून मोठा प्रश्न वडीलधाऱ्यांपुढे आहे. मुलाच्या हातून चूक झाली, तर ती सांगायला तो घरी येईल काय? पहिला शब्द कानावर पडताच ज्या घरात हात उगारला जातो, त्या घरातील मूल दुसऱ्या वेळी तोतयाकडेच जाईल. कारण तोतया निदान पैसे घेऊन गप्प बसण्याचे वचन तरी देतो. मुलाने भलते पान उघडले असेल, तर त्याविषयी बोलणे अवश्य व्हावे. पण ते नंतर. आधी त्याला एवढेच कळू द्यावे, की या घरात कोणतीही गोष्ट सांगता येते. याला कोणी लाड म्हणेल. पण शिस्त आणि विश्वास यांचे वैर नाही. विश्वासावाचूनची शिस्त फक्त लपविणे शिकविते.

आणि सांगणे घराच्या उंबरठ्यावर थांबू नये. पैसे गेले असोत वा नसोत, १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर किंवा केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. पैसे गेले असतील तर पहिले काही तास मोलाचे असतात. रक्कम पुढे सरकण्यापूर्वी गोठविता येण्याची शक्यता तेव्हाच असते. भरलेली खंडणी पुढच्या सापळ्याचे भांडवल होते आणि न नोंदविलेली तक्रार पुढच्या घराचा पत्ता चोराला देते. म्हणून गप्प बसणारा केवळ स्वतःचे नुकसान करीत नाही, तो शेजाऱ्याचेही करतो.

वस्तीवस्तीत संगणक जाणणारे तरुण आज आहेत. रविवारचा एक तास काढून चार ज्येष्ठांना एस्केपची कळ, सेफ मोडची वाट आणि १९३० हा आकडा त्यांनी शिकविला, तर त्या एका तासाचे मोल मोठे आहे. भाऊंचा तोतया संपला, कारण त्याला ओळखणाऱ्यांनी तो तोतया आहे हे उघड सांगितले. पडद्यावरच्या तोतयाचेही मरण तेथेच आहे. ज्या दिवशी तो दहावीतला मुलगा खुर्चीवरून उठून स्वयंपाकघराच्या दारात येईल आणि ‘आई, जरा इकडे ये’ एवढेच म्हणेल, त्या दिवशी त्या घरातले कुलूप निघालेले असेल.